आलिएकाठच्या पायवाटेचा संशय

मित्रांनो, मी पायवाट आहे. वारेल गावच्या चर्चमागून निघते, आलिए नदीच्या सपाट कुरणांत उतरते, पॉपलरच्या झाडांखालून काठाकाठानं जाते आणि मग झुडपांच्या कुंपणांमधून वळणं घेत मोंतेलच्या टेकडीवर चढते. माझं वय कुणालाच ठाऊक नाही. मला डोळे नाहीत, पण एकदा अंगावर पडलेलं पाऊल मी विसरत नाही.

मला कुणी आखून बनवलं नाही. आधी गुरं पाण्यावर जायची, त्यांच्या खुरांखाली गवत मेलं. मग त्याच जागेवरून बायका कपडे धुवायला नदीवर जाऊ लागल्या. ओल्या कपड्यांच्या ओझ्यानं परतताना त्यांची पावलं जड पडत आणि माझी माती घट्ट होई. टेकडीवरचे द्राक्षमळेवाले पाठीवर टोपल्या घेऊन उतरत. शाळेची मुलं लाकडी बूट वाजवत पळत. पुढं नदीवर पूल झाला, डांबरी रस्ता झाला, घरोघरी नळ आला. माझ्यावर पाऊल पडेनासं झालं. काटेरी वेलींनी मला दोन्हीकडून झाकून टाकलं. कित्येक वर्षं कोल्हे आणि शिकारी सोडले तर कुणी फिरकलं नाही.

मला पुन्हा मोकळं केलं ओक्तावनं. तो गावचा पोस्टमन. निवृत्त झाला आणि घरात बसवेना, म्हणून कोयता घेऊन माझ्यावर आला. दोन हिवाळे तो वेली तोडत होता. मग त्यानं झाडाझाडावर पिवळ्या रंगाची पट्टी ओढली, म्हणजे नवख्या माणसानं चुकू नये. हळूहळू लोक येऊ लागले. रविवारी शहरातून चालणाऱ्यांचे जथे येत, पॉपलरखाली बसून पाव, चीज, सॉसेज खात आणि म्हणत, काय सुरेख वाट आहे. गावच्या कार्यालयात भिंतीवर माझा नकाशा लागला. खरं सांगते, मी फुशारले. आणि तेव्हापासूनच मला धास्ती वाटू लागली, की कुणीतरी हे सगळं माझ्यापासून काढून घेणार.

मार्च महिन्यात तसंच काहीसं घडलं. नदीकाठच्या सहा झाडांवरच्या पट्ट्या नाहीशा झाल्या. पट्टीच्या जागी साल खरवडलेली. ओक्तावनं पुन्हा रंगवल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा कोऱ्या.

ओक्ताव थेट रेमोंच्या फाटकावर गेला. रेमोंची पांढरी गुरं माझ्या कडेच्या कुरणात चरतात, त्यामुळं त्यांचं बोलणं मला नीट ऐकू आलं.

"पट्ट्या तू काढल्यास?"

"सकाळी सकाळी हे विचारायला आलास? आत ये, आधी कॉफी घे."

"कॉफी नको. तुझ्या कालवडी सुटल्या तेव्हा तूच म्हणालास, ही वाट बंद व्हायला हवी."

"म्हणालो. तुझे शहरी पाहुणे फाटक उघडं टाकून गेले, मी मोंतेलपर्यंत धावलो कालवडींमागं. पण मला रंग खरवडायचा असता, तर तुला शेजारी बसवून खरवडला असता."

"वाट कुणी वापरत नाही असं दाखवलं, की बाजूच्या शेतवाल्याला ती मागता येते. मला कायदा माहीत आहे."

"तुला कायदा माहीत आहे आणि मला तू. लोकांची पाकिटं उजेडात धरून बघणारा पोस्टमन."

ओक्ताव तरातरा निघून गेला. दुपारपर्यंत गावभर झालं, की रेमोंला पायवाट गिळायची आहे.

मित्रांनो, माझाही त्यावर विश्वास बसला. कारण मला एक गोष्ट ठाऊक होती. दर शनिवारी सकाळी एक रबरी बुटांची जोडी यायची. बूट पुरुषाचे, मोठे. डावा पाय घासत चालायचा. तो सहाही झाडांपाशी थांबायचा. आणि रेमोंला गाईनं लाथ मारल्यापासून तोही डावा पाय घासतो. मला आणखी पुरावा नको होता. त्या बुटांत पाऊल सैल हलतं आहे, हे मला जाणवत होतं, पण मी तिकडं लक्ष दिलं नाही.

मग मला सगळेच संशयित वाटू लागले. अळंबी शोधणारी बाई जास्त वेळ वाकली तरी वाटे, हिचं काय चाललं आहे? गळ टाकून बसणारा माणूस गप्प का? त्याच दिवसांत तिसऱ्या आणि चौथ्या पॉपलरच्या मधे मला खालून गार लागत होतं. तिथली माती हलकी झाली होती. पण नदी माझी सर्वांत जुनी शेजारीण. तिच्यावर संशय घ्यावा, असं माझ्या मनात आलं नाही.

एप्रिलमध्ये मेअरबाई ओक्तावबरोबर मला पाहायला आल्या. मेच्या पहिल्या रविवारी साठ लोकांची मोठी पदयात्रा ठरली होती. चालता चालता त्या म्हणाल्या, "सोलांजचं पत्र आलंय पुन्हा."

"आता कशाबद्दल?"

"पूर्ण नाही वाचलं. वाटेबद्दल काहीतरी. मागं चर्चच्या घंटेबद्दल होतं, त्याआधी पाव करपतो म्हणून."

"आणि रेमोंचं कुत्रं भुंकतं म्हणून. तिला खिडकीसमोरून माणूस गेलेला चालत नाही हो, मेअरबाई."

दोघं हसली. सोलांज म्हणजे नदीकडच्या शेवटच्या घरातली विधवा. सत्तरी उलटलेली, तोंडानं फटकळ. तिची तक्रार कुणी मनावर घेत नसे. मीही घेतली नाही.

पदयात्रेच्या आदल्या शुक्रवारी ओक्तावनं सहा झाडांवर जाडजूड पट्ट्या ओढल्या. शनिवारी सकाळी तो विलोच्या झुडपामागं दबा धरून बसला. थोड्या वेळानं कुंपणाच्या बाजूनं कुणीतरी सरपटत आलं. रेमों.

"सापडलास," ओक्ताव म्हणाला.

"मी? मी चोर धरायला आलोय. गाव मला नावं ठेवतंय, तुझ्या कृपेनं."

"मग चोर कुठाय?"

"माझ्यासमोर बसलाय, असं वाटत होतं. तूच खरवडतोस आणि माझ्यावर ढकलतोस, अशी माझी समजूत."

आणि तेवढ्यात मला ते बूट लागले. गावाकडून येत होते. रेमों तर माझ्यावरच उभा होता. इतके आठवडे मी एका निरपराध माणसावर दात धरून होते.

बूट पहिल्या पॉपलरपाशी थांबले. खरवडण्याचा आवाज सुरू झाला. ओक्ताव पुढं झाला.

"सोलांज? तू?"

"मीच. लपायचं तर ती निळी टोपी काढून लपावं. माझ्या अंगणातून दिसते."

पायात तिच्या नवऱ्याचे बूट होते, आत दोन जोड मोजे, तरी डावा सैलच राहून घासत होता.

"का करतेस हे? रंगवून रंगवून माझे हात दुखायला लागले."

"माझे खरवडून दुखायला लागले. दोन पत्रं दिली मी मेअरबाईंना, कुणी आलं नाही. पट्ट्या नसल्या, तर निदान नवखी माणसं तरी इकडं वळणार नाहीत. उद्या साठ माणसं इथून नेणार ना? मग आधी तिसऱ्या आणि चौथ्या झाडाच्या मधे काठी टोचून बघ."

"नाटकं नकोत. तुला खिडकीसमोर माणसं नकोत, एवढंच आहे ते."

"नकोतच. पण बुडायलाही नकोत."

ओक्ताव तिला खोटं पाडायच्या इराद्यानं तिसऱ्या पॉपलरच्या पुढं गेला आणि काठी जोरानं टोचली. काठी मुठीपर्यंत आत गेली. तळाला काही लागलं नाही.

रेमों थोडं अलीकडं काठावर पालथा पडला आणि मान खाली घालून त्यानं पाहिलं. मग तो अगदी हळू आवाजात बोलला.

"ओक्ताव, काठी सोड. ज्या पावलांनी गेलास त्याच पावलांनी मागं ये. घाई करू नकोस. खाली काही नाहीये. नुसती मुळं लोंबतायत."

मित्रांनो, त्या चार पावलांत मला माझी खरी अवस्था कळली. नदीनं मला आतून पोखरलं होतं. मला गार लागत होतं ते तिचं पाणी होतं. ओक्ताव माझ्यावर उभा होता, ज्यानं मला काट्यांतून काढलं तो, आणि त्याला तोलून धरायला माझ्यापाशी चार बोटं माती उरली होती. तो आला. एक पाऊल, मग दुसरं. रेमोंनं त्याच्या कमरेचा पट्टा धरून त्याला ओढून घेतलं.

ओक्ताव गवतावर बसला. सोलांजनं गळ्यातला रुमाल काढून त्याला दिला. "तोंड पूस," ती म्हणाली. "पांढरा पडलायस."

त्यानं रुमालानं तोंड पुसलं. मग ओक्ताव म्हणाला, "रेमों, मी तुला सगळ्या गावात चोर म्हटलं."

"म्हटलंस."

"आता काय सांगू लोकांना?"

"सांग, चोर म्हातारी निघाली. आधी हसतील, मग ऐकतील."

रविवारची पदयात्रा रेमोंच्या कुरणातून वळवली. तो स्वतः फाटकावर उभा होता आणि साठ माणसांना एकेक करून सांगत होता, "कुंपणाच्या जाळीला हात लावू नका, गाईला हात लावू नका, कुत्रं भुंकलं तर सोलांजबाईंकडे तक्रार करा." सोलांज त्या दिवशी अंगणात बसून होती. तिनं हे ऐकलं आणि ती हसली नाही, पण उठून आतही गेली नाही.

एकोणीस दिवसांनी, लख्ख ऊन असलेल्या दुपारी, माझा बावीस पावलांचा तुकडा दोन पॉपलरांसकट नदीत गेला. पूर नव्हता, वारा नव्हता. माझ्यावर कुणीही नव्हतं.

संध्याकाळी मेअरबाई आल्या. हातात सोलांजचं पत्र होतं. त्यांनी ते कड्यापासून लांब उभं राहून सगळ्यांसमोर पहिल्यांदा पूर्ण वाचलं. मागच्या शरद ऋतूपासून काठ किती आत आला, ते सोलांजनं पावलांनी मोजून लिहिलं होतं, महिन्यामहिन्याला. शेवटची ओळ अशी होती: "ही तक्रार नाही. कृपया येऊन पाहा." मेअरबाईंनी पत्राची घडी घातली.

आता मी रेमोंच्या कुंपणाकडेनं जाते. जमिनीची ती चिंचोळी पट्टी त्यानं आपणहून दिली. ओक्ताव झाडं रंगवतो आणि सोलांज मागून पाहत येते. तिला अजून वाटतं, तो रंग पातळ लावतो. त्याला अजून वाटतं, ही पुन्हा खरवडेल. मला मात्र त्या दोघांचं भांडण ऐकत पडून राहायला आवडतं.

मित्रांनो, माझ्यासारख्या वाटा तुमच्याही गावात असतील. त्यांच्यावरून चाला, नाहीतर त्या काट्यांत बुजून जातील. त्यांची माती कुठं खचलेली दिसली, तर तसेच पुढं जाऊ नका, गावात कुणाला तरी सांगा. आणि एखादं तक्रारखोर माणूस सांगायला आलं, की इथून जाऊ नका, तर त्याच्याबरोबर तिथवर जाऊन या. मी तसं केलं नाही. एवढी वर्षं माणसांची पावलं ओळखते म्हणून मिरवणाऱ्या मला, भल्या माणसाचं पाऊल ओळखता आलं नाही.