स्क्वॉटच्या दिवशी काळी पँट

“हलकं आहे तोवर सगळंच गोड लागतं गं. जड व्हायला लागलं की अंग खरं बोलायला लागतं. तेव्हा त्याचं ऐक,” थोरल्या जाऊबाई तिला म्हणाल्या होत्या. तिने ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. ज्या बाईने जन्मात जिमचा उंबरठा ओलांडला नाही, ती काय सांगणार वजनातलं?

खरं तर ही स्वतः भारी सावध बाई. दुसऱ्या खोलीत बाळ शिंकलं तरी हिच्या हातातलं काम थांबायचं. दूध मनगटावर थेंब टाकून बघायचं, खिडकीची कडी दोनदा ओढायची. नवरा चिडवायचा, “आता वाऱ्यालाही ओळखपत्र माग!” एवढे डोळे तेल घालून उघडे, पण सगळे बाळाकडे. स्वतःकडे बघायला एकही उरला नव्हता.

बाळ चालायला लागलं तशी ती जिमला जायला लागली. आधी नुसता लोखंडी बार. तो खांद्यांवर घ्यायचा, खुर्चीवर बसल्यासारखं खाली जायचं आणि उठायचं, म्हणजे स्क्वॉट. मग दर खेपेला दोन्ही बाजूंना एकेक छोटी प्लेट वाढायची. वाढली तरी कळायचंही नाही. एका काखेत बाळ, दुसऱ्या हातात पिशव्या घेऊन ती जिने चढायची आणि दम लागायचा नाही. घरात ऐट अशी, की नवरा म्हणाला, “कपाट हलवायचंय. मी बाळ धरतो, तू ये.”

मग बारचं वजन तिच्या स्वतःच्या वजनाच्या आसपास आलं आणि एके दिवशी उठताना ती अर्ध्यातच अडकली. मांड्या लटलटा कापल्या. कशीबशी उभी राहिली, तर ट्रेनर टाळ्या वाजवतोय.

“शाब्बास मॅडम! इतके दिवस होता तो पोरखेळ. खरा स्क्वॉट आता सुरू झाला. नवशिक्यांचं घोडं इथेच अडतं. श्वास कोंडा आणि लावा जोर!”

तिने श्वास कोंडला, जोर लावला. या वेळी मांड्या कापल्याच, पण आणखीही काहीतरी झालं. ओटीपोटाखालून जड काहीतरी खाली उतरत असल्यासारखं वाटलं, आणि कपडे ओले झाले. बार ठेवून ती तडक बाथरूममध्ये गेली.

बँकेत कॅशियर असलेल्या एक बाई तिथे हात धूत होत्या. तिच्या तोंडाकडे बघूनच समजल्या.

“झालं ना? घाबरू नकोस, सगळ्यांचंच होतं. स्क्वॉटच्या दिवशी काळी पँट घालायची. निघायच्या आधी पाणी प्यायचं नाही. बस्स.”

“सरांना माहीत आहे?”

“त्यांना काय सांगायचंय असलं!”

ती बाहेर आली. आरशात बघितलं तर दालनभर बायका, आणि एकूणएक काळ्या पँटीत. इतके दिवस तिला ती फॅशन वाटत होती.

मग तिनेही काळी पँट घेतली. घसा कोरडा ठेवला. वजन वाढत राहिलं, ट्रेनर खूश होत राहिला.

एका संध्याकाळी इमारतीच्या आवारात बाळ चेंडूमागे धावलं. चेंडू गेला फाटकाकडे, फाटक उघडं, पलीकडे रस्ता. ती उठून धावली, आणि दोन पावलांत तेच झालं. तिचे पाय आपसूक एकमेकांना घट्ट चिकटले. स्वतःचं बाळ रस्त्याकडे चाललंय आणि आई मांड्या आवळून खांबासारखी उभी! वॉचमनने बाळाला उचललं म्हणून बरं. “काय ताई, लक्ष कुठे होतं?” तो म्हणाला. लक्ष! तिचं! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी ती फिकट राखाडी पँट घालून जिममध्ये गेली आणि बारजवळ हाताची घडी घालून उभी राहिली.

“सर, जोर लावला की माझी लघवी होते.”

म्युझिक चालू होतं, तरी सगळ्या माना वळल्या. ट्रेनर लाल झाला.

“मॅडम, हे... जरा बाजूला बोलू या का?”

“इथेच बोलू. पहिल्या दिवशी तुम्ही गुडघ्याचं विचारलंत, कंबरेचं विचारलंत, छातीत दुखतं का विचारलंत. बाळंतपणाचं का नाही विचारलं?”

“असं कसं विचारणार? आणि मला कधी कुणी सांगितलंच नाही हो!”

खोटं बोलत नव्हता तो. आणि त्याचाच तिला जास्त संताप आला. त्याने विचारायचं नाही, बायकांनी सांगायचं नाही, आणि दुकानदाराने काळ्या पँटी विकत राहायचं!

“अवघड म्हणजे कसलं अवघड, हे शिकवायचं कुणी? मांड्या थकल्या हे वेगळं, अंग खाली सुटतंय हे वेगळं. तुम्ही दोन्हीला एकच टाळी वाजवता!”

मागून कॅशियरबाईंचा आवाज आला, बारीकच, “माझंही होतं, सर. मुलगी आता कॉलेजला आहे.”

ट्रेनर बाकावर बसला. “मुलगी... म्हणजे इतकी वर्षं?” एवढंच म्हणाला.

ती डॉक्टरांकडे गेली. तिथून ओटीपोटाखालच्या स्नायूंचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे. आता ती पुन्हा हलक्या बारवर आहे. उठताना श्वास कोंडत नाही, सोडते. सुधारतंय, पण कूर्मगतीने. राग मात्र जराही कमी झालेला नाही. कॅशियरबाईंना ती रोज विचारते, “गेलात का डॉक्टरांकडे?” त्या रोज म्हणतात, “बघू गं, सवय झालीय.”

म्हणून तुम्हाला सांगणं आहे. तुमची बहीण, वहिनी, बायको, ऑफिसातली मैत्रीण, कुणीतरी असेलच. मूल झाल्यावर पुन्हा व्यायामाला लागलेली, नाहीतर नुसतं मूल कडेवर घेऊन जिने चढणारी. तिला आज विचारा, “जड उचललं की तुला नेमकं कुठे जड होतं?” ती आधी “काही नाही” म्हणेल. तेवढ्यावर उठू नका. बसून राहा, आणि पुन्हा विचारा.