उजळ ओळ

जोडारी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. इस्पितळभर तारा जोडत हिंडायचा म्हणून औषधांच्या खिडकीवरच्या काकूंनी ते ठेवलं, आणि मग अधीक्षकांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं.

तळघरात तीस वर्षांचा जुना मेनफ्रेम कॉम्प्युटर होता. कपाटाएवढं धूड, पण प्रत्येक रोग्याची अथपासून इतिपर्यंत नोंद त्याच्या पोटात. सगळे त्याला ‘थोरले’ म्हणत. थोरल्यांशी बोलायला खिडक्याखिडक्यांवर हिरव्या अक्षरांच्या पडद्याचे जाडजूड ठोकळे होते. ते एकेक करून माना टाकायला लागले, सुटे भाग मिळेनात. तेव्हा जोडारी म्हणाला, टेबलावरच्या साध्या कॉम्प्युटरांच्या पडद्यावरच मी हा ठोकळा हुबेहूब उभा करून देतो. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे आणि उघडं आहे. आत काय लिहिलंय ते कुणीही वाचावं, कुणीही बदलावं. अधीक्षकांना त्यातलं ‘फुकट’ तेवढं ऐकू आलं. आणि उघडं असून तरी काय, उघडून बघणार कोण होतं?

काम चोख झालं, खोटं कशाला बोला. चाळीस टेबलं, एका आठवड्यात. समोर ठोकळा नाही याचा थोरल्यांना पत्ताही लागला नाही. एकच गोष्ट जोडाऱ्याच्या डोळ्याला खुपत होती. पडद्यावर मधूनच एखादी ओळ भगभगीत पांढरी यायची, बाकीच्या हिरव्या. हा भपका हवा कशाला? त्याने रंगांच्या फाइलीत एक ओळ बदलली, सगळी अक्षरं सारखी मऊ हिरवी केली, आणि तीच फाइल चाळीसही टेबलांवर धाडली. कुणी सांगितलं नव्हतं. लोकांच्या डोळ्यांना बरं वाटावं म्हणून केलं, बस्स.

चाचणीच्या दिवशी काकू नव्या पडद्यासमोर बसल्या. अठ्ठावीस वर्षं ती खिडकी त्यांचीच. पाच-सहा रोग्यांचे नंबर टाकून पाहिले, मान तिरकी केली.

“अरे जोडाऱ्या, ह्यात काहीतरी कमी आहे रे.”

“काय कमी आहे?”

“तेच तर सांगता येत नाही मेलं.”

“सवय नाही म्हणून, काकू. चार दिवसांत हात बसेल.” तो हसला आणि पुढच्या टेबलाकडे गेला. आणखी दोन मिनिटं थांबला असता, तर काय बिघडणार होतं?

तिसऱ्या दिवशी लिफ्टवाल्याची बायको तापाने भरती झाली. डॉक्टर नवा, घाईत. त्याने इंजेक्शन लिहिलं, चिठ्ठी खिडकीवर आली, काकूंनी नंबर टाकून तिच्या औषधांची यादी पाहिली आणि बाटली दिली. पंधरा मिनिटांत त्या बाईचा घसा आतून सुजून बंद झाला. तिला धावतपळत वर नेलं, ती लिफ्टही तिचा नवराच चालवत होता. दुसऱ्या मजल्यापर्यंत ती होती, चौथ्यावर नव्हती.

ते औषध तिला चालत नाही, हे थोरल्यांना अकरा वर्षं ठाऊक होतं. ज्याने कुणी तो प्रोग्रॅम लिहिला, त्याला ओळीत ‘देऊ नये’ एवढं लिहायला जागा पुरली नव्हती. मग पठ्ठ्याने काय केलं, तर न चालणारं औषध उजळ दाखवलं. कुठल्या वहीत नाही, कुठल्या कागदावर नाही. एकीने दुसरीला शिकवलं, उजळ दिसलं की हात आवर. काकू तर यादी वाचतही नसत. सगळं हिरवं दिसलं की द्यायचं.

जोडाऱ्याला हे कळलं ते त्याच दुपारी, अधीक्षकांच्या दाराबाहेर. काकू भिंतीला टेकून ज्याला त्याला सांगत होत्या, “देवाशपथ सांगते, ओळ उजळ नव्हती!” तो तसाच तळघरात पळाला, आणि रंग होते तसे परत केले, चाळीसही टेबलांवर. करणं भागच होतं, नाहीतर उद्या आणखी कुणी गेलं असतं. फक्त चुकीची फाइल त्याने तारीख घालून बाजूला ठेवली. त्याच्या धंद्यात जुनं पुसत नाहीत.

दुसऱ्या दिवशी चौकशी. अधीक्षकांनी सगळ्यांना खिडकीपाशी नेलं आणि त्या बाईचा नंबर टाकला. चौथी ओळ पांढरी लख्ख.

“ही दिसली नाही तुम्हाला?”

काकूंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “दिसतेय की,” त्या हळूच म्हणाल्या. “म्हणजे तेव्हा मलाच दिसली नाही.”

अधीक्षक जोडाऱ्याकडे वळले. “जोडणीत काही दोष?”

घरी दोन लहान पोरं, नोकरी कायम व्हायला चार महिने. जोडारी म्हणाला, “जोडणी व्यवस्थित आहे, सर.” त्या क्षणी ती होतीच व्यवस्थित.

तीन आठवडे त्याचा डबा तसाच घरी परत जात होता. बायको विचारून विचारून थकली. शेवटी, काकूंना कायमचं काढल्याच्या कागदावर सही करायला बोलावलंय असं कळलं, त्या सकाळी त्याने जुनी आणि नवी फाइल छापली, घडी घालून खिशात टाकली आणि तळघरातून लिफ्टमध्ये चढला.

“चौथा,” तो म्हणाला. अधीक्षक तिथेच बसत.

लिफ्टवाल्याने बटण दाबलं. “साहेब, तुमचे उपकार आहेत. तुमच्या मशीननं खरं तेवढं दाखवलं. नाहीतर राग तरी कुणावर काढला असता मी?”

जोडाऱ्याने खिशातला कागद मुठीत आवळला.

तळमजल्यावर लिफ्ट थांबली. जाळीपलीकडे काकू उभ्या होत्या, हातात पिशवी. लिफ्टवाल्याने जाळी उघडलीच नाही.

“उघड ना,” जोडारी म्हणाला.

“तिच्यासाठी नाही, साहेब.”

काकू गुडघे धरून जिन्याकडे वळल्या. पहिल्या मजल्यावर लिफ्ट थांबवायला लावून जोडारी उतरला आणि जिना उतरून खाली आला. काकू सातव्या पायरीवर धापा टाकत होत्या.

“काकू, तुमचे डोळे चांगले आहेत.” त्याने कागद पुढे केला. “ओळ उजळ नव्हतीच. मी रंग काढून टाकला होता. ती गेल्यावर परत घातला. आत्ता वर जाऊन सांगणार आहे.”

काकूंनी कागद घेतला, उलटसुलट केला. त्यातलं अक्षर कळत नव्हतं, तारीख तेवढी कळली, बाई गेली त्याच दिवसाची. त्या मटकन पायरीवर बसल्या.

“एकवीस दिवस,” त्या म्हणाल्या. “एकवीस दिवस मी आरशात बघून स्वतःला विचारतेय, तू त्या बाईला मारलंस कसं.”

“काकू, मला...”

“गप्प बस.” त्यांनी कठडा धरला. तो हात द्यायला वाकला, तो त्यांनी घेतला नाही. एकट्याच उठल्या.

“मी म्हटलं होतं रे तुला, काहीतरी कमी आहे म्हणून,” काकू म्हणाल्या, आणि कागद छातीशी धरून उरलेल्या पायऱ्या चढू लागल्या.