शिक्का मारलेला कोरा आठवडा

मी आता जे सांगणार आहे ते या टेबलाभोवती बसलेलं कुणीही खरं मानणार नाही. पेंग न्हावी तर नाहीच. त्याला स्वतःच्या आरशातलं तोंडसुद्धा खोटं वाटतं. तरी सांगतो. सबंध छोंगछिंगमध्ये माझ्याइतकं मरणाच्या जवळ जाऊन, त्याला चुकीच्या रस्त्याला लावून, परत येऊन चहा पीत बसलेला दुसरा माणूस नाही.

"झालं सुरू," पेंग म्हणाला. "यिंगहोंग, याच्या पेल्यात पाणी ओत गं. घसा कोरडा पडला तर खरं बोलायला लागेल."

यिंगहोंगने पाणी ओतलं. हे चहाचं दुकान तिचं. तिचा बाप दुआन माझा भागीदार होता. वीस वर्षं आम्ही नदीच्या वरच्या अंगाला एक खुराडं थाटून बसलो होतो. बाहेरगावचे पाहुणे यायचे, त्यांना सात दिवसांत शहर दाखवायचं, हा धंदा. आखणी माझी, गाडी दुआनची. दुआन आठ वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात छातीत कळ येऊन गेला, ते वेगळं. मी सांगतोय तो हिवाळाही तोच.

आमच्या शहराची आखणी करणं येरागबाळ्याचं काम नाही. रस्त्यावरून सरळ दारात शिरावं आणि मागच्या खिडकीतून पाहावं तर आपण बाराव्या मजल्यावर. नकाशावर दोन घरं शेजारी दिसतात आणि त्यांच्यामध्ये तीनशे पायऱ्या असतात. पाहुण्याचे गुडघे किती दिवस टिकतील, हे मी त्याच्या बसण्यावरून ओळखायचो. एक खोड मात्र मला होती. माणूस खुर्चीत टेकला की मी आधी सात रकान्यांचा कोरा कागद काढायचो, त्यावर दुकानाचा लाल शिक्का मारायचो आणि मग विचारायचो, काय काय बघायचंय. शिक्का पाहिला की गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात जात नाही. शिक्का म्हणजे शब्द दिला. दुआन म्हणायचा, "श्यांग, एक दिवस तू कोऱ्या कागदावर स्वतःलाच विकशील." मी हसायचो.

डिसेंबर होता. धुकं इतकं की पुलावरचे दिवे दिवसाही जळत होते. सकाळी दहाच्या सुमाराला एक बाई आली. पन्नाशीची असेल. निळं कापूस भरलेलं जाकीट, पायात कापडी जोडे, पाठीवर बांबूची करंडी; आमच्याकडे डोंगरातल्या बायका भाजी आणायला वापरतात तसली. बाहेर पाऊस भुरभुरत होता आणि तिचे जोडे कोरडे होते. मी ते पाहिलं, पण तोपर्यंत हाताने शिक्का मारून टाकला होता.

"किती माणसं?" मी विचारलं.

"एकच. वय झालंय त्याचं."

"मग काळजी नको. पहिल्या दिवशी दिव्यांचा किनारा, दुसऱ्या दिवशी इमारतीच्या पोटातून जाणारी रेल्वे, तिसऱ्या दिवशी..."

"ते काही नको," ती म्हणाली. "त्याने जिथे जिथे पाय ठेवला, तेवढंच बघायचं. रोज एक जागा. शेवटाकडून सुरुवातीकडे."

"मग जागा सांगा, लिहून घेतो."

"रोज संध्याकाळी उद्याची सांगत जाईन. रस्ता तुम्ही आखायचा. जसा आखाल तशीच मी जाईन. त्याच्या बाहेर मला पाऊल टाकता येत नाही."

"पाहुण्याचं नाव?"

"कळेल तुम्हाला."

"आणि तू विचारलं नाहीस, पाहुणा आहे कुठे?" पेंगने बिया फोडता फोडता मध्येच तोंड घातलं.

"विचारलं. म्हणाली, तो रोज आपल्याबरोबरच असेल."

पेंगने बीचं टरफल थुंकलं.

त्या आठवड्यात दुआन खोकल्याने अंथरुणाला खिळला होता, म्हणून गाडीही मीच हाकली. सोमवारी तिने दाखवायला सांगितला तो आमच्याच दुकानामागचा दगडी जिना. मला हसू आलं. वीस वर्षं मी तो दिवसातून चार वेळा चढउतार केलेला. ती वाकून वाकून चढत होती, जणू फटीतून रानभाजी खुडतेय. पायरी पायरीवरून काहीतरी उचलायची, करंडीत टाकायची, वर फडकं सारायची. मी डोकावलो तर करंडी रिकामी. पण वर पोहोचलो तेव्हा तिचे खांदे ओढले गेले होते.

त्या संध्याकाळी मी तोच जिना उतरून घरी गेलो आणि मला माझ्याच जोड्यांचा आवाज आला नाही.

मंगळवारी नदीवरचा तरंगता धक्का. दुकान टाकायच्या आधी अकरा वर्षं मी तिथे नावेची तिकिटं फाडलीत. काठाला घोट्यापर्यंत चिखल होता. आम्ही दोघं धक्क्यापर्यंत गेलो, परत आलो. गाडीत बसताना मी सहज मागे वळून पाहिलं. चिखलात एकाच माणसाची पावलं होती. कापडी जोड्यांची.

"तू हलका झाला असशील," पेंग म्हणाला. "उधारी बुडवून बुडवून." पण आता त्याच्या बोलण्यात जोर नव्हता. शेजारच्या टेबलावरच्या माहजोंग खेळणाऱ्यांनी सोंगट्या ढवळायच्या थांबवल्या होत्या.

बुधवारी तिने सांगितली ती टेकडीच्या पोटातली गुहा. लढाईच्या काळात बॉम्बपासून लपायला खणलेली. आता उन्हाळ्यात लोक तिथे गारव्याला जाऊन बसतात. हिवाळ्यात कुत्रंही फिरकत नाही. ती आत शिरली, सत्तर पावलं चालली आणि डावीकडच्या भिंतीपाशी बरोबर थांबली. तिथे, त्या भिंतीला टेकून, बावीस वर्षांचा असताना मी एका मुलीचा हात पहिल्यांदा धरला होता. पुढे ती माझी बायको झाली. ही गोष्ट दोन माणसांना माहीत होती. एक मी, आणि दुसरीला पुरून बारा वर्षं झाली होती.

बाई वाकली. जमिनीवरून एक उचललं, मग त्याच्या शेजारी चाचपलं आणि हात रिकामाच मागे घेतला. "शेजारचं आधीच नेलेलं आहे," ती म्हणाली.

तेव्हा मला आजीचं बोलणं आठवलं. माणूस जायच्या आधी त्याची पावलं गोळा करतात, आजी सांगायची. जन्मभर तो जिथे जिथे फिरला तिथून एकेक वेचून आणतात. सगळी गोळा झाली की तो गेला. एक जरी मागे राहिलं तर न्यायला आलेल्याला त्याला हात लावता येत नाही. लहानपणी हे ऐकताना मला गंमत वाटायची. गुहेत मात्र मी माझ्या पायांखाली पाहिलं.

पळून जावं म्हणाल, तर कुठे? कागदावर माझा शिक्का होता. शिक्का मारून फिरलेला माणूस या शहरात धंदा करत नाही; आणि धंदा सोडून पळालो असतो, तरी पळणाऱ्याची पावलं आणखी ताजी, तिला वेचायला सोपी.

गुरुवारी यंत्रांचा कारखाना. कारखाना कधीच पाडला. वर आता तेहतीस मजल्यांच्या इमारती. तिने मला तळघरातल्या मोटारींच्या गर्दीत नेलं आणि दोन पांढऱ्या गाड्यांच्या मध्ये वाकली. तिथे माझं लेथ मशीन होतं. शुक्रवारी शाळेचा उतार. परतताना भाजीबाजारात मी घाऊक तोलायच्या काट्यावर उभा राहिलो. काटा हलला नाही. कोबीवाल्याने मशीनला दोन थपडा मारल्या, स्वतः चढून पाहिलं, ऐंशी किलो भरला. मला म्हणाला, "आजोबा, तुम्ही उतरा, तुमच्याने बिघडतंय."

"ऐंशी किलोचा कोबीवाला," कुणीतरी हळूच म्हणालं. कुणी हसलं नाही.

शनिवारी नदीकाठचा तो दगड, जिथे माझी आई कपडे धुवायची आणि मी चार वर्षांचा असताना तिच्याभोवती घिरट्या घालायचो. करंडी आता इतकी जड झाली होती की बाईला दर दहा पायऱ्यांना ती भिंतीला टेकवावी लागत होती. मी मात्र तीनशे पायऱ्या चढून गेलो आणि मला दम लागला नाही. सत्तरीच्या माणसाला दम लागू नये यासारखी भीती नाही. वर पोहोचल्यावर ती माझ्याकडे वळली. आठवडाभर मला तुम्ही म्हणत होती.

"उद्या शेवटची जागा," ती म्हणाली. "तुझं पहिलं पाऊल."

ते कुठे पडलं ते मला माहीत होतं. पलीकडच्या तीरावर, खांबांवर उभ्या केलेल्या लाकडी घराच्या ओसरीत. ते घर गेलं, तो उतारही गेला. त्यावर आता पाच मजली उड्डाणपूल आहे. तुम्ही सगळे ओळखता तो. पाच थर, वीस वाटा, एकीवर चुकलात की दिवसभर शहर बघून संध्याकाळी पुन्हा तिथेच. टॅक्सीवालेसुद्धा तिथे शिरताना गप्प होतात.

घरी येऊन मी दिवा लावला, कागद पुढे ओढला आणि सातव्या रकान्याला हात घातला. लेकहो, वीस वर्षांच्या धंद्यात मी अशी आखणी केली नव्हती. तिला माझ्या आखणीबाहेर पाऊल टाकता येत नाही ना? मग मी असा रस्ता लिहिला: तिसऱ्या थरावरून डावीकडे, चढून पाचव्यावर, विमानतळाची वाट सोडून उजवीकडे, खाली उतरताना बोगद्याआधीची दुसरी वाट, तिच्यावरून दुसऱ्या थरावर, आणि तिथून पुन्हा तिसऱ्या थरावरून डावीकडे. शेवट नव्हताच त्याला. वाचताना कळायचं नाही; चालवताना कळलं असतं. माझे हात एवढे हलके झाले होते की लेखणी कागदावर दाबायला दुसरा हात लावावा लागला.

रविवारी सकाळी धुकं पुलाच्या वरच्या थराला टेकलं होतं. ती मागच्या सीटवर बसली, करंडी मांडीवर घेतली. गाडी मागून खचली. मी तिच्या हातात कागद दिला. तिने वाचला, मान डोलावली. पहिला फेरा घेतला, दुसरा घेतला. दुसऱ्या फेऱ्याला आरशात पाहिलं तर ती कागदावरून बोट फिरवत होती आणि ओठ हलत होते. तिसऱ्या फेऱ्याला ती म्हणाली, "ही वाट आपण पाहिली आहे."

"छोंगछिंगमध्ये सगळ्या वाटा सारख्याच दिसतात, बाई," मी म्हणालो.

चौथ्या फेऱ्याला धुक्यात पुढची गाडी दिसेना तेव्हा मी वेग कमी केला. गळ्यातला मफलर काढला, स्टिअरिंगला बांधला, दुसरं टोक गिअरला. दार उघडलं आणि उडी मारली. मी एवढा हलका की खाली पडलोच नाही, पानासारखा कठड्यापर्यंत तरंगत गेलो. गाडी तशीच पुढे निघून गेली, डावीकडे वळली, वर चढली. तिला खाली उतरायला रस्ता नाही आणि माझं पहिलं पाऊल अजून खांबाखाली जागच्या जागी आहे. म्हणून मी आहे. आजही दाट धुकं पडलं की ट्रकवाले सांगतात, एक जुनी गाडी शेजारून जाते, चालवणारं कुणी नसतं, मागे एक बाई मांडीवर करंडी घेऊन बसलेली असते आणि कागद वाचत असते.

"आठ वर्षं?" पेंग म्हणाला. "पेट्रोल कोण भरतं, तिचा सासरा?"

आता मात्र सगळे हसले. अडकलेला श्वास सुटावा तसे. माहजोंगच्या सोंगट्या पुन्हा खडखडल्या. मीही हसलो आणि पेला पुढे केला.

पाणी पडलं नाही. यिंगहोंग किटली हातात धरून उभी होती. 

"बाबांना त्या आठवड्यात खोकला नव्हता," ती म्हणाली. आवाज अगदी साधा, किती बशा फुटल्या ते सांगावं तसा. "रोज सकाळी डबा घेऊन जात होते. शनिवारी रात्री उशिरा घरी आले तेव्हा म्हणाले, उद्या श्यांगला बरं नाही, मी एकटाच त्या बाईला घेऊन जातो, त्याने रस्ता लिहून दिलाय. रविवारी गाडी पुलाच्या तिसऱ्या थरावर उभी सापडली. इंजीन चालू होतं, बाबांचं डोकं स्टिअरिंगवर होतं, मागची सीट रिकामी होती."

मी पेला खाली ठेवला.

"श्यांगकाका," ती म्हणाली, "तुम्हाला गाडी चालवता येत नाही."