रिकामी डिकी

गाडी दुरुस्तीला न्यायची म्हटलं की स्टोअरकीपर आधी तिची डिकी रिकामी करायचा. स्टेपनी, जॅक, हत्यारांची लोखंडी पेटी, ओढायचा दोर, घडीची खुर्ची, हवा भरायचा पंप, इतकंच काय, रबरी पायपुसणीसुद्धा. सगळं उचलून दुसऱ्या मजल्यावरच्या घरात न्यायचं. मग बॉनेट उघडून बॅटरीच्या कडेला खिळ्याने फुली मारायची, चारी टायरांचे मोबाइलवर फोटो काढायचे, आणि मगच गाडी फाटकाबाहेर. हसू नका. तुमच्यातल्या निम्म्यांनी असली फुली कधी ना कधी मारलेली आहे, आणि उरलेल्या निम्म्यांनी मारली नाही ती निव्वळ आळसाने.

एका मोठ्या कारखान्याच्या भांडारात त्याची चोवीस वर्षं गेली होती. तिथे खिळा जरी कमी भरला तरी कुणीतरी नेला असंच समजायचं, अशी शिस्त. ती शिस्त त्याने घरी आणली. दूधवाला पाणी घालतो, धुणंवाली साबण नेते, शिंपी कापड मारतो. खुद्द त्याची थोरली बहीण, ताई, निवृत्त परिचारिका, गुडघा दुखतो म्हणून महिनाभर राहायला आली, तर दुसऱ्या दिवशी याने विचारलं, "ताई, कपाटाचं दार तू उघडलंस का?"

"टॉवेल घेतला. अटक करतोस?" ताई म्हणाली.

गाडी सतरा वर्षांची. तिचा उजवा इंडिकेटर बिघडला. बिघडला म्हणजे कायमचा गेला असता तर बरं, पण तो कधी चालायचा, कधी नाही. उजवीकडे वळायला दांडी दाबली की स्टिअरिंगसमोरचा हिरवा बाण नेहमीच्या संथ चालीने टक... टक... करण्याऐवजी टकटकटकटक धापा टाकायचा. जुन्या गाड्यांत याचा अर्थ एकच असतो: त्या बाजूचा एक दिवा पेटत नाहीये. स्टोअरकीपर उतरून पाहायचा. पुढचा दिवा चालू, मागचा मेलेला.

तो राहायचा त्या वसाहतीच्या कुंपणाला लागून पत्र्याची टपरी होती. तिथे एक माणूस गाड्यांची वायरिंग, दिवे, बॅटऱ्या बघायचा. सगळे त्याला वायरमन म्हणत. स्टोअरकीपर डिकी रिकामी करून, फुली मारून त्याच्याकडे गेला. वायरमनने इंडिकेटर लावला. टक... टक... टक... पुढचा पेटला, मागचाही पेटला.

"चालतोय की, साहेब."

"काल चालत नव्हता."

वायरमनने तरी बल्ब काढला, खाच घासली, बल्ब परत बसवला, फ्यूज पाहिला. गाडी घरी आली. सामान परत डिकीत गेलं. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या चौकात पुन्हा टकटकटकटक.

दुसऱ्या खेपेला तेच. वायरमनने या वेळी बल्ब नवा घातला, इंडिकेटर लुकलुकवणारा फ्लॅशरचा डबा बदलून पाहिला. त्याच्यासमोर दिवा लग्नातल्यासारखा उजळायचा, आणि दोन दिवसांत पुन्हा आंधळा. तिसऱ्या खेपेनंतर स्टोअरकीपरच्या मनात पाल चुकचुकली. याच्याकडे नेली की चालतो आणि आपल्याकडे आणली की बंद पडतो. हा काय चमत्कार? चमत्कार कसला, वायर सैल करून पाठवतो, म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा दारात. एकदा तसं वाटलं, मग सगळंच तसं दिसू लागलं. वायरमन गाडीखाली वाकला तर काहीतरी लपवतोय. नजर वर करून बोलला नाही तर मनात काळंबेरं. हसला तर आपल्याला हसतोय.

आणि मग ते घडलं. चौकात उजवीकडे वळताना बाण धापा टाकत होता, पण त्याला वाटलं, इतकंसं वळण, कोण बघतंय. मागून स्कूटरवर एक बाई येत होती. गाडी सरळच जाणार असं समजून ती बाजूने निघाली, आणि गाडी अचानक तिच्या पुढ्यात वळली. ती पडली. कोपर सोलून निघालं, स्कूटरचा आरसा फुटला. लोक जमले. बाई उठून उभी राहिली, आणि रडली नाही, ओरडलीही नाही. म्हणाली, "दिवा बंद आहे हे माहीत होतं तुम्हाला?"

हा म्हणाला, "नाही."

खोटं बोलला. भरचौकात, रक्त गळणाऱ्या बाईसमोर खोटं बोलला. आणि खोटं बोललेल्या माणसाला दुसरा चोर ताबडतोब लागतो.

स्टोअरकीपर वसाहतीच्या सोसायटीचा सचिव होता. त्या रात्री जेवण झाल्यावर त्याने अर्ज लिहिला: कुंपणालगतची टपरी चालवणारा इसम मुद्दाम बिघाड ठेवतो, त्यामुळे रहिवाशांच्या जिवाला धोका आहे, सबब टपरी तिथून हटवावी. रविवारच्या सभेत विषय. नोटीस फाटकावर लागली. वायरमन रोज त्याच फाटकावरून जायचा. चौदा वर्षं त्या पत्र्याखाली बसलेला माणूस, दुसरीकडे कुठे बसणार? हा प्रश्न त्या अर्जात नव्हता.

शनिवारी सकाळी ताईला गुडघ्याच्या व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचं होतं. पहिल्याच वळणावर टकटकटकटक.

"हा आवाज कसला?" ताईने विचारलं.

"त्या वायरमनची कृपा."

"मग चल त्याच्याकडे. आत्ता बिघडलाय ना, आत्ता दाखव."

"आत्ता कसं? डिकी भरलेली आहे."

"असू दे भरलेली. डिकीचा काय संबंध?"

"त्याच्याकडे नेताना मी रिकामी करतो. भरवसा नाही त्या लोकांचा."

ताईने सावकाश विचारलं, "तिन्ही वेळा रिकामी करून नेलीस?"

"अर्थात."

"आणि तिन्ही वेळा दिवा त्याच्यासमोर चालला."

"तेच तर सांगतोय."

"अरे शहाण्या," ताई म्हणाली, "एकतीस वर्षं वॉर्डात काढली मी. ताप उतरवून, वेणीफणी करून पेशंट डॉक्टरपुढे बसवायचा आणि वर म्हणायचं, डॉक्टरला काही कळत नाही? वळव गाडी."

"ताई, उद्या सभा आहे. त्याच्याविरुद्ध अर्ज दिलाय मी."

"मग तर आधी वळव."

टपरीसमोर गाडी थांबली तसा वायरमन उठला नाही. हातातली वायर सोलत राहिला. "अर्ज तुमचाच ना, साहेब? मग इकडे का आणलीत? पुन्हा मुद्दाम बिघाड ठेवीन की मी."

ताई काठी टेकत उतरली. "मी याची बहीण. गाडी आत्ता बिघडलेली आहे. तुम्ही बिघडलेली अजून पाहिलीच नाही, असं मला वाटतं. बघता?"

वायरमनने तिच्याकडे पाहिलं, मग गाडीकडे. वायर खाली ठेवली. "इंडिकेटर लावा, साहेब. आणि लावूनच ठेवा."

टकटकटकटक. वायरमन मागे गेला. मागचा दिवा बंद. त्याने डिकी उघडली आणि जागच्या जागी थबकला.

"हे सगळं नेहमी असतं यात?"

ताई म्हणाली, "नेहमी. फक्त तुमच्याकडे येताना नसतं."

डिकीच्या उजव्या कोपऱ्यात लोखंडी पेटी गच्च ठोकून बसवलेली होती, हलू नये म्हणून. वायरमनने दोन्ही हातांनी ती वीतभर अलीकडे ओढली. आवाज बदलला. टक... टक... टक... मागचा दिवा पेटला. त्याने पेटी परत कोपऱ्यात ढकलली. टकटकटकटक. दिवा गेला. पुन्हा ओढली, पेटला. पुन्हा ढकलली, गेला. चार वेळा त्याने तसं केलं. मग पेटी बाहेर काढून जमिनीवर ठेवली आणि कोपऱ्यातलं फाटकं अस्तर दूर केलं.

"या. हात लावून बघा."

मागच्या दिव्याकडे जाणारी वायर तिथून गेली होती. पेटीच्या टोकाने चेपून चेपून वरचं रबर पातळ झालं होतं, आणि आतली तांब्याची तार तुटली होती. पेटी काढली की तुटलेली टोकं एकमेकांना चिकटायची. पेटी दाबून बसवली की सुटायची.

"तिन्ही वेळा तुम्ही मला धडधाकट गाडी दाखवलीत," वायरमन म्हणाला. "धडधाकट गाडीत मी काय शोधू?"

"पण तुम्ही विचारायचं तरी. डिकीत काय असतं म्हणून," स्टोअरकीपर पुटपुटला.

"विचारणार होतो. पहिल्याच दिवशी मनात आलं, स्टेपनी नाही, जॅक नाही, असली कोरी डिकी कशी? मग बॅटरीवरची फुली दिसली. ताजी होती. फुली मारणाऱ्या माणसाला डिकीबद्दल विचारलं तर तो काय म्हणतो माहितीये? 'तुला कशाला चौकशी?' म्हणून गप्प बसलो. माझंही चुकलं. दुसऱ्या खेपेला तोंड उघडायला हवं होतं."

म्हणजे याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आपण याला चोर समजतो हे जाणूनच हा तिन्ही वेळा गाडीखाली वाकला होता. स्टोअरकीपरच्या कानशिलांवर ऊन चढल्यासारखं झालं.

"रोज येतात अशा बॅटऱ्या," वायरमन वायर जोडत म्हणाला. "कुणाची फुली, कुणाचा रंगाचा ठिपका, कुणी नखपॉलिश लावतं. माणूस नमस्कार घालतो आणि बॅटरी शिवी देते. सवय झाली."

जोड पक्का झाला, त्यावर पट्टी बसली, वायर कोपऱ्यातून काढून वरच्या कडेने नेली. पेटी जागेवर ठेवून, दाबून, हलवून पाहिलं. दिवा बंद पडला नाही. स्टोअरकीपर त्याच्याजवळ सरकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "माफ करा. चूक झाली माझी."

वायरमनने हात पुसले. "हळू का बोलताय? फाटकावर मोठ्या अक्षरात लिहिलंत, चारशे लोकांनी वाचलं. माफी मात्र माझ्या कानात? जिथे बोललात तिथे बोला, साहेब. इथे नको."

गाडीत बसल्यावर ताई एवढंच म्हणाली, "आणि ती स्कूटरवाली कुठे राहते, तेही शोध."

रात्रभर स्टोअरकीपर तळमळला. अर्ज गुपचूप मागे घेता आला असता. 'विषय तहकूब' एवढं लिहिलं की सचिवाचं काम भागतं, टपरीही वाचते आणि अब्रूही. सकाळपर्यंत त्याने तेच ठरवलं होतं. पण सभेत तो उभा राहिला आणि विषय पुकारताच चष्म्याचं दुकान चालवणारे एक रहिवासी मागून म्हणाले, "हटवाच हो ती टपरी. ही माणसं असतातच तसली." दहाबारा माना हलल्या. कुणी पुरावा मागितला नाही. त्याच्याच तोंडचं वाक्य होतं ते, दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा त्याला त्याची घाण आली.

"नसतात," तो म्हणाला. "मी खोटं लिहिलं. बिघाड त्याने ठेवला नव्हता, मी ठेवला होता." आणि त्याने सगळं सांगितलं. डिकी, पेटी, फुली. चौकातली बाई, आणि दिवा बंद आहे हे ठाऊक असून तिला दिलेलं उत्तर. कुणीतरी खुसखुसलं. अध्यक्ष म्हणाले, "अहो, एवढं खोलात जायची गरज नव्हती."

"होती. नोटीस खोलात जाऊन लिहिली होती मी."

टपरी राहिली. दुसऱ्या नोटिशीत, पहिलीएवढ्याच मोठ्या अक्षरात, त्याने स्वतःची चूक लिहून फाटकावर लावली. स्कूटरवाली सापडायला पाच दिवस लागले. तिने त्याच्या खर्चाने आरसा बसवून घेतला, पण चहा विचारला नाही. वायरमनही काही त्याचा जिवलग मित्र झाला नाही. का व्हावं? अपमान चौदा वर्षांचा, माफी एका रविवारची.

नागरिकहो, आता तुमच्याशी. कष्ट करणाऱ्या माणसावर आपण आधी संशय घेतो आणि मग पुरावा शोधतो, आणि पुरावा आपल्याच घरातून निघाला तर तो दाबतो. चोर जगात आहेत, मी नाही म्हणत नाही. पण तुम्ही ज्याच्याकडे दुखणं घेऊन जाता, त्याच्यापासूनच ते लपवत असाल, तर तुम्हाला बरं कोण करणार? बिघाड आहे तसा दाखवा. भरल्या डिकीसकट दाखवा. विचारलेल्या प्रश्नाला चौकशी म्हणू नका. आणि एखाद्याच्या पोटावर पाय देणारं वाक्य लिहायला बसाल, तेव्हा लेखणी उचलण्याआधी त्या वाक्यात स्वतःचं नाव घालून एकदा मोठ्याने वाचा. जीभ अडखळली, तर कागद फाडा.