मासळीच्या पेटीतलं रक्त

मी मासेविक्या नेरेआची बर्फपेटी बोलतेय. हो, माझ्या अंगाला मासळीचा वास येतो. केनियातल्या किसुमू शहराच्या सरोवर-धक्क्यावर नऊ वर्षं मासे वाहिल्यावर काय गुलाबाचा वास येणार?

मग नेरेआच्या लेकीनं, डॉक्टर अपोंडीनं, मला प्रयोगशाळेसाठी मागून नेलं. सरोवराकाठच्या दवाखान्यात हिवताप झालेल्या बायका बाळंत होत. त्यांच्या बाळांच्या नाळेतलं रक्त मी मोटारसायकलवरून शहरात आणायची. त्यात मूळपेशी असतात, त्यांच्यापासूनच सगळं रक्त तयार होतं. आईच्या तापाच्या दाहानं त्यांचं काय होतं, हे अपोंडी शोधत होती.

त्या पेशी मेलेल्या निघत. निरोगी आयांच्या बाळांच्या मात्र ठणठणीत.

"दाहच मारतो त्यांना," अपोंडी म्हणाली. दोन वर्षांच्या कामाचा निबंध लिहून झाला. शुक्रवारी तो पाठवायचा होता.

मला ओरडावंसं वाटत होतं. निरोगी आयांचं रक्त शेजारच्याच इस्पितळातून यायचं, हातात धरून. मेल्या त्या फक्त माझ्या पोटातल्या!

गुरुवारी नेरेआ लेकीसाठी तळलेला मासा घेऊन आली. माझं झाकण उघडंच होतं आणि नळ्या थेट बर्फात खोचलेल्या होत्या.

"अगं बये, यातलं माझं गोणपाट कुठाय?"

"वास मारत होतं. पहिल्याच दिवशी टाकून दिलं."

"आणि उघड्या बर्फावर ठेवतेस? मेलेला मासासुद्धा बर्फाला टेकला की त्याचं अंग जळतं. एवढी शिकलीस आणि आईची पेटी भरता येईना तुला!"

अपोंडी हसली नाही. बर्फातली एक नळी उपसून तिनं नोंदवही उघडली आणि कुठलं रक्त कशातून आलं ते पाहू लागली.

शुक्रवारी निबंध गेला नाही.

"लोक हसतील तुला," तिचे साहेब म्हणाले.

"हसू देत, सर. तुमच्या तापानं बाळाचं रक्त मारलं, असं त्या आयांना मी खोटं सांगणार नाही."

ओलं गोणपाट घालून तिनं पहिल्यापासून सुरुवात केली. या खेपेला तापाच्या आयांच्या बाळांच्या पेशी दमलेल्या निघाल्या, दाहानं वेळेआधी जाग्या झालेल्या, पण जिवंत. दमलेल्यासाठी काहीतरी करता येतं.

आता नवी चकचकीत पेटी आली आहे आणि मला भंगारात काढायचं चाललंय. खुशाल काढा. फक्त त्या नवीच्या पोटात आधी गोणपाट घाला.

आणि कोणी विचारलंच, तर माझं नाव सांगा. त्या पेशी माझ्या बर्फानं मारल्या. कुठल्याही आईनं नाही.