सुपामागचा दिवा

माझा भाऊ जयसिंग घाटाखालच्या वीजघरात वायरमन होता. आमच्या धरणाचं पाणी तिथं उतरून वीज करायचं आणि आमच्या घरात मात्र तेलाचा दिवा. बासष्ट साली पहिल्या बाळंतपणाला मी भुकूमहून माहेरी आले, तेव्हा त्यानं वीज नाही आणली. वीजघरातल्या मोडीत निघालेल्या बॅटरीची भलीमोठी काचेची पेटी आणली. घासूनपुसून तीत ओढ्यातले बोटाएवढे मासे सोडले आणि ठेवली कुठं, तर बाळंतिणीच्या खोलीत. बाहेर म्हणे मांजर टपलेलं असतं.

मासे रात्री झोपतात की नाही, यावर त्याची आणि त्याच्या जोडीदाराची, बहिरूची, पैज लागली होती. बहिरूचं म्हणणं, ज्याला पापणी नाही त्याला झोप कसली. सुट्टी संपवून निघताना जयसिंग मला म्हणाला, "आक्का, तू तर रातभर जागीच असतीस. बघून ठेव."

राग आला, पण खोटं नव्हतं. माझं बाळ झोपतच नव्हतं. दिवसा कशीबशी डुलकी आणि रात्री डोळे टक्क उघडे. रडून रडून त्याचा आवाज बसला होता, दूध ओढायचीही ताकद राहिली नव्हती. हे पोर बारशापर्यंत टिकत नाही, अशी भीती माझ्या पोटात बसली होती.

आईनं दृष्ट काढली, पोटावर हिंग लावला. उशाचा दिवा तर ती उठून उठून तेलानं भरायची. बारशापर्यंत बाळंतिणीचा दिवा विझू द्यायचा नसतो. माझ्याआधी तिला एक मुलगा झाला होता. एका रात्री तिचा डोळा लागला, दिवा विझला आणि सकाळी मूल गार लागलं. ती हे कधी बोलली नाही. मावशीनं सांगितलं होतं.

मग काय, बाळ मांडीवर घेऊन मी मासे बघत बसले. दिव्याच्या उजेडात ते काचेला नाक घासत येरझारा घालायचे. बघावं तेव्हा फिरतायत. बहिरू जिंकला, असं मी ठरवून टाकलं.

एका दुपारी आईनं धुरी दिली. निखाऱ्यावर ओवा आणि लसणाची सालं पडली की खोलीत डोळे उघडवत नाहीत. माशांना धूर लागू नये म्हणून तिनं पेटीवर गोधडी टाकली आणि काढायला विसरली. बऱ्याच वेळानं मी गोधडीचं टोक उचललं. सगळे मासे तळाशी, जागच्या जागी. डोळे उघडे, पण बघत कुणीच नव्हतं. मेले म्हणून मी काचेवर टिचकी मारली, तर एकानं शेपूट हलवलं, मग दुसऱ्यानं, आणि सगळे आळसावल्यासारखे फिरू लागले. गोधडी पुन्हा टाकली, थांबले, हळूच उचलली. पुन्हा तसेच. मला इतकी मजा वाटली की घटकाभर माझी काळजीही विसरले. म्हणजे झोप त्यांना येत होती. मिटायला पापणी नाही, म्हणून अंधार हवा होता, आणि आमचा दिवा तो मिळू देत नव्हता.

रात्री पेटी झाकली आणि बाळाकडे पाहिलं. त्याला पापण्या होत्या, पण तो त्या मिटत नव्हता. टक लावून दिव्याकडे बघत होता.

दिवा विझवायची माझी छाती नव्हती. मी तो कोपऱ्यात सरकवला आणि पुढं सूप उभं केलं. बाळाच्या बाजूला काळोख झाला. तो कुरकुरला, हातपाय झाडले आणि हळूहळू त्याचं अंग सैल पडलं. कधी नव्हे तो माझाही डोळा लागला.

जाग आली ती आईच्या हातानं. माझ्या अंगावरून चाचपडत तिनं बाळाच्या छातीवर हात ठेवला होता.

"दिवा इझला," ती म्हणाली.

"इझला न्हाई, आई. सुपामागं हाय. बाळ झोपलंय."

ती कोपऱ्यात गेली, सुपाआड वाकली. ज्योत जळत होती. आता सूप भिरकावते आणि मला शिव्या घालते, असं वाटलं. तिनं दिव्यात तेल घातलं, सूप होतं तिथंच जरा नीट टेकवलं आणि बाळापलीकडे आडवी झाली.

"मासं बी झोपल्यात का गं?" तिनं विचारलं.

मी व्हय म्हणाले, पण तिला ते ऐकू गेलं नाही. ती झोपली होती. पहाटे दिव्यात तेल मी घातलं.