मुदतीआधी

"हात काढा की आप्पासो."

"कसला हात?"

"कागदावरचा."

आप्पासो सावकारांनी हात काढला नाही. उजव्या हाताने त्यांनी दस्ताच्या पाठीवर 'रोख सोळा' असं लिहिलं, डाव्या पंजाने वरच्या ओळी तशाच झाकून ठेवल्या आणि टिपकागद दाबून कागद लगोलग पेटीत टाकला. मग पावतीची चिठ्ठी पुढे सरकवली.

"चार हप्तं राहिलं बघ. मुदतीच्या वरीसभर आधी घर मोकळं करतुयास, आन तोंड का रं असं? मीच तुला लुबाडल्यागत."

आकारामने पावती उजेडात धरली, आकडा वाचला, उलटून पाठ बघितली आणि मगच ती मुंडाशाच्या घडीत सारली. पावतीत खोट नव्हती. पण गेलं दीड वर्ष हा माणूस दस्ताच्या पाठीवर पंजा का ठेवतो? एक-दोनदा झालं असतं तर सोडून दिलं असतं. दर महिन्याला, न चुकता? पायऱ्या उतरताना त्याने दोनदा मागे वळून बघितलं.

आकाराम सांगलीच्या हळदपेठेत तोलारी होता. बावीस वर्षं त्याच्या हातात तराजू होता, आणि संशय हा त्याच्या पोटापाण्याचाच भाग होता म्हणा ना. शेतकऱ्याचा व्यापाऱ्यावर संशय, व्यापाऱ्याचा शेतकऱ्यावर, आणि दोघांचाही तोलाऱ्यावर. ज्याच्यावर सगळ्यांचा संशय त्याने सगळ्यांचा घेतला तर बिघडलं कुठं? गणपतीच्या देवळात नारळ फोडला तरी पुजाऱ्याने परत दिलेली वाटी आपल्याच नारळाची आहे का, हे तो निरखून बघायचा. लहर आली तर पुजाऱ्याला विचारायचाही.

या संशयाचं मूळ मात्र पेठेत नव्हतं. आकारामचा जन्म जतकडच्या माळावरचा, मेंढरांच्या मागे फिरणाऱ्या घरातला. घरातला म्हणायचं आपलं, घर नव्हतंच. आज याच्या रानात मेंढरं बसवायची, उद्या त्याच्या. त्याची आई कुणाच्या तरी बांधावर, दोन काठ्यांवर टाकलेल्या घोंगड्याखाली गेली, आणि मढं लवकर उचला म्हणून रानमालकाने दोनदा माणूस पाठवला. तेव्हा आकाराम अकरा वर्षांचा होता. त्याने तेव्हाच ठरवलं की आपण मरू ते आपल्या भिंतीआड.

एकेचाळीसच्या पाडव्याला त्याने दोन खोल्यांचं घर घेतलं. दगडी जोतं, वर कौलं, मागे तुळशीपुरती जागा. सहाशे रुपये आप्पासोंचे, आणि कागद मुदत खरेदीचा. म्हणजे पाच वर्षांत फिटलं तर घर आकारामचं. एक रुपया जरी राहिला तरी शेहेचाळीसच्या पाडव्याला घर सावकाराचं. महिन्याला तेरा रुपये ठरले होते. वर्षभर त्याने तेरा भरले. मग पगार वाढून सव्वीस झाला तसे सोळा भरायला लागला. जास्तीचे तीन मुदलात जातात आणि व्याज तेवढं मरतं, हे गणित त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. त्याने बिडी सोडली, चहा सोडला. पायताण तुटलं ते पुन्हा शिवलं नाही. उरलेले दहा रुपये तो एक तारखेला बायकोच्या, मनुबाईच्या हातावर मोजून ठेवायचा. लाभ, दोन, तीन, असं पेठेत एकाला लाभ म्हणून मोजतात तसं. जोंधळा, तेल, मीठ, जळण सगळं त्या दहात. दोघंच होती, पोटी मूल नव्हतं. भागत होतं.

भागत होतं, हेच त्याला आता खुपत होतं. लढाईने सगळं महाग केलेलं, घासलेटाला रांगा, धान्य कंट्रोलचं. आणि बायको महिन्याच्या शेवटीसुद्धा उसनंपासनं करत नाही?

शिवाय तिचे उपास. गेल्या श्रावणाच्याही आदल्या श्रावणात तिने सोमवार धरले. श्रावण गेला, सोमवार राहिले. मग गुरुवार आला, शनिवार आला, एकादशी, संकष्टी.

"आज काय गं?" तो भाकरी मोडता मोडता विचारायचा.

"शनवार न्हवं का."

"आन काल?"

"काल एकादस हुती."

एवढे देव एकदम कसे मागे लागले? आकारामला कृष्णेच्या घाटावरचा तो नवा बैरागी आठवला. धष्टपुष्ट होता. बायकांच्या उपासावर बुवाच जाड होतात, हे त्याने जतपासून सांगलीपर्यंत पाहिलं होतं.

म्हणून या एक तारखेला, सावकाराकडून आल्यावर, त्याने तिच्या हातावर नऊच रुपये ठेवले.

"येवढं उपास करतीस. जोंधळा उरतच असंल. नऊ बास झालं."

मनुबाईने रुपये मोजले, पदराच्या टोकात बांधले आणि म्हणाली, "बरं."

त्या 'बरं'ने त्याची झोप उडवली. ती भांडली असती, नशिबाला बोल लावला असता, निदान भांडी आपटली असती, तर तो निवांत झाला असता. एक रुपया कमी झाला तरी जी बाई भांडत नाही, तिच्याकडे रुपया दुसरीकडून येतो. हा त्याचा हिशेब, आणि हिशेबात तो कधी चुकत नसे.

पुढच्या सोमवारी हरिपुरात हळदीचं पेव उघडायचं होतं. जमिनीच्या पोटातली ती कोठारं. उघडली की आधी कंदील सोडून बघायचा. कंदील विझला तर आत वारं वाईट, माणूस उतरवायचा नाही. त्या दिवशी कंदील तीनदा विझला. केरबा हमाल आणि आकाराम काठावर बसून राहिले.

"केरबा, बायका उपास कशापायी करत्यात रं?"

"नवऱ्याला आउक्ष मिळावं म्हणून."

"आन लयच करत असली तर?"

"तर नवरा लय आजारी असंल, न्हायतर लय वंगाळ." केरबा खदखदून हसला, आणि मग आकारामचं तोंड बघून थांबला. "आरं, मस्करी केली गड्या. पर खरं सांगू? तुझ्या पोटात कंदील सोडला तर त्यो बी इझंल. चांगल्या बाईवर कसला संशय घेतुयास?"

"घेतला न्हाई. इचारलं फकस्त."

मुकादम म्हणाला, पेव चार वाजेपर्यंत काही उतरण्याजोगं होत नाही. आकाराम उठला आणि उन्हातून अनवाणी सांगलीला आला. घराला कुलूप. गल्लीच्या तोंडाशी त्याला मनुबाईची पाठ दिसली. डोक्यावरून पदर, मूठ घट्ट मिटलेली. तो अंतर ठेवून मागे निघाला. ती घाटाकडे वळली तेव्हा त्याने मनातल्या मनात बैराग्याची मान धरली. पण ती बैराग्याकडे न बघता पुढे गेली. खरं तर त्याला जरा वाईटच वाटलं. मग ती आप्पासोंच्या बोळात शिरली आणि त्यांच्या उंबऱ्याच्या आत गेली.

आकाराम समोरच्या भिंतीला टेकून उभा राहिला. हप्ता देऊन आठच दिवस झाले होते. भरदुपारी, सावकाराच्या घरी, आपल्या बायकोचं काय काम? तो झाकलेला पंजा, ते 'बरं', भागलेला महिना, सगळं त्याच्या डोक्यात एका ओळीत लागलं, आणि ती ओळ फार घाणेरडी होती. तो आत घुसला.

मनुबाई ओसरीच्या कडेला बसली होती. आप्पासो गादीवर, पुढे दस्त पसरलेला. बैठकीवर काही रुपये, काही चिल्लर.

"हितं काय करतीस?"

ती दचकून उठली.

"पैसं कुणाचं ह्ये? आं? कुणी दिलं तुला पैसं? आन कशापायी दिलं?"

शेवटचे शब्द त्याने तिच्याकडे बघून नाही, आप्पासोंकडे बघून उच्चारले. कोपऱ्यात वही लिहीत बसलेला सावकाराचा दिवाणजी थांबला. मनुबाईने काही क्षण नवऱ्याकडे पाहिलं, मग खाली बसली आणि पदर नीट केला.

"जीभ आवर आकाराम," आप्पासो म्हणाले. त्यांनी दस्त उचलला, पाठ वर करून त्याच्यापुढे टाकला. "लय दिस झालं हात काढा म्हणतुयास न्हवं? काढला हात. वाच."

आकारामला आकडे झरझर वाचता येत, अक्षरं अडखळत. तो वाचायला लागला. 'रोख सोळा, हस्ते आकाराम.' हे त्याचं. त्याखाली, दुसऱ्याच तारखेला: 'रोख तीन, हस्ते मनुबाई.' पुन्हा 'रोख सोळा, हस्ते आकाराम.' पुन्हा 'रोख चार, हस्ते मनुबाई.' मग एक अडीच रुपयांची. दर सोळाच्या पाठोपाठ एक नोंद, दीड वर्षाची. सगळ्यात खालची शाई ओली होती. त्यापुढे लिहिलं होतं, 'बाकी नाही.'

"चार हप्तं राहिल्यात म्हणाला हुतासा."

"तुझ्या हिशेबानं राहिलं हुतं. तिनं शपत घातली हुती, सांगू नगा म्हणून. तिच्यापायी माझं चार म्हैन्याचं व्याज बुडालं, आन वर तुझं ह्ये ऐकून घ्यायचं." आप्पासोंनी बैठकीवरचे पैसे गोळा केले. "फिटलं तुझं घर. उद्या कचेरीत ये, उलटा कागद करून घर तुझ्या नावावर देतो."

आकारामने हे ऐकलं, पण त्याला आनंद करता येईना. त्याचं डोकं अजून एकाच जागी अडकलं होतं. "कुठनं आणलंस?" त्याने विचारलं. आवाज आता खाली आला होता.

"पोटातनं," मनुबाई म्हणाली. मग त्याला कळलं नाही असं बघून तिने समजावून सांगितलं. "कंट्रोलचा जोंधळा दोघांचा मिळतुया न्हवं? उपासाच्या दिसाचा माझा मी कोपऱ्यावरच्या खानावळीत लीलाबाईला घालत हुते. चांगला भाव देती ती."

"मग मला का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर दहाचं सात केलं असतं तुमी." ती थांबली. "न सांगता बी नऊ केलंच की."

तिने हे रागाने म्हटलं नाही, भाव सांगावा तसं म्हटलं. आकारामला बसावंसं वाटलं, पण सावकाराच्या ओसरीवर बसायचा धीर होईना.

"पोत्यात शेर कमी असला तर तुला लांबनं कळतंय," आप्पासो हळूच म्हणाले, "आन घरातलं माणूस निम्मं झालं तरी कळंना?"

त्याने तेव्हा तिच्याकडे पाहिलं. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत मागे सरकल्या होत्या. गळ्याची हाडं वर आली होती. दीड वर्ष ती रोज त्याच्यासमोर बसत होती, आणि तो सावकाराचा पंजा बघत होता.

मनुबाई पुढे निघून गेली. आकाराम तिच्याबरोबर चालला नाही, त्याला लाज वाटली. पेठेतून त्याने पावशेर तूप आणि गूळ घेतला, आणि वाण्याने किती तोललं हे जन्मात पहिल्यांदा बघितलं नाही. पेव वाट बघत असेल, हेही त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

घरी ती चुलीपुढे बसली होती. त्याने तुपाचं भांडं तिच्याजवळ ठेवलं.

"आज सोमवार हाय," ती म्हणाली.

"देवाचाच हाय का सोमवार?"

"पयला देवाचा हुता. बाकीचं घराचं."

"का गं केलंस?"

तिने भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावर पाण्याचा हात फिरवला. "तुमी जेवताना बी भितीकडं बघता. कुणी काढून न्हेतंय का काय म्हणून. बघवत न्हवतं मला."

आकारामने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाला, "मगाशी तिथं मी जे बोललो..."

"बोलला. ऱ्हाऊ द्या."

ते राहणार नव्हतं, दोघांनाही ठाऊक होतं. भाकरी फुगली. त्याने स्वतः ताट घेतलं, भाकरी मोडून तिच्यावर तूप ओतलं, गुळाचा खडा ठेवला आणि ताट तिच्यापुढे सरकवलं. उभ्या आयुष्यात त्याने तिला वाढलं नव्हतं. ती ओशाळली, नको म्हणाली, मग खायला लागली. एक घास, दोन घास, तीन. चौथा तिने बराच वेळ तोंडात घोळवला आणि हात आखडता घेतला.

"घे की."

"बास झालं."

"पाव भाकर बी झाली न्हाई. खा आजून."

"जात न्हाई वं."

आकाराम पुढे वाकला. "माझ्यावरल्या रागानं खात न्हाईस, व्हय? तसं असंल तर तसं म्हण."

"राग न्हाई. जातच न्हाई आता. लय दिस झालं, पोट घेतच न्हाई."

त्याने तिच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं. बावीस वर्षं लोकांच्या तोंडावरचं खोटं हुडकलेला माणूस. आज ते सापडावं म्हणून तो जीव तोडून बघत होता. ती खोटं बोलत नव्हती. तिने उरलेली भाकरी फडक्यात बांधली, उद्यासाठी फळीवर ठेवली, आणि तूप सांडायला नको म्हणून भांडं भिंतीकडे आत सारलं.